पदराची चावी

आमच्या घरात माझ्या कामाबद्दल दोन मतं आहेत. आईच्या मते मी कॉम्प्युटरची डॉक्टर आहे आणि आप्पांच्या मते कुलूपवाली. आप्पांचं जास्त बरोबर आहे. बेळगावात, टिळकवाडीतल्या एका लहानशा कंपनीत मी काम करते. लोकांचे प्रोग्रॅम सर्व्हरवर नीट चालतात ना आणि त्यांना लागणारे पासवर्ड, चाव्या भलत्याच्या हाती पडत नाहीत ना, हे बघायचं. कुणाचा पासवर्ड उघड्यावर दिसला की माझं डोकं सणकतं. ऑफिसातली मंडळी मला टरकून असतात असं परवा कुणीतरी सांगितलं. ऐकून बरं वाटलं.

वडगावात विणकराच्या घरी वाढलेल्या माणसाला झाकून ठेवणं शिकवावं लागत नाही. आप्पांच्या मागावर नवं डिझाइन चढलं की विणून झालेल्या भागावर जुनी चादर पडायची. पाहुणा आला तर त्याची खुर्ची कारखान्याच्या दारातच. पूर्वी पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं मागाला लावायचे, तेव्हा तर आणखी बंदोबस्त. काठाची कार्डं एकाकडून करून घ्यायची आणि पदराची दुसऱ्याकडून. दोघांनी एकमेकांना विचारायचं नाही. काठ आणि पदर पहिल्यांदा भेटायचे ते मागावरच. सणाच्या आधी डिझाइन बाहेर गेलं तर दूरच्या कुठल्यातरी गिरणीतून त्याची छापील नक्कल निघते, ती स्वस्त असते, आणि आमची विणलेली साडी दुकानदाराच्या कपाटात पडून राहते. या सगळ्या झाकपाकीला सूट एकच. नव्या डिझाइनची पहिली साडी गल्लीतल्या देवीची. ती जशी उतरेल तशी नेसवायची, विकायची नाही आणि दुरुस्तही करायची नाही.

पुढे कार्डं गेली आणि मागावर इलेक्ट्रॉनिक पेट्या आल्या. गल्लीतल्या चार मागवाल्यांनी मिळून आमच्या माडीवर डिझाइनची खोली केली. आमच्या कंपनीनं त्यांना सोय करून दिली, ती अशी. काठाचं चित्र आणि पदराचं चित्र सर्व्हरवरच्या एका बंद जागेत राहतं. आप्पा तिला तिजोरी म्हणतात. एक प्रोग्रॅम दोन्ही चित्रं तिथून उचलतो, जोडतो, मागाला कळेल अशी फाइल करून देतो आणि संपतो. हा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालतो. कंटेनर म्हणजे प्रवासाचा डबाच की. लागेल ते सगळं आत भरलेलं. कुठंही उघडा, जेवा आणि टाकून द्या. पुढच्या वेळी तसाच नवा डबा ज्या नमुन्यावरून भरायचा, त्या नमुन्याला इमेज म्हणतात. आता या डब्याला तिजोरीची चावी लागते. ती त्याला कधी द्यायची, कशी द्यायची आणि काम झाल्यावर तिचं काय करायचं, यातच माझं निम्मं आयुष्य जातं.

ही मांडणी मी केलेली नव्हती. घरच्यांचं काम घरच्यानं करायचं नाही असा आमच्या साहेबांचा नियम. ज्यानं केली तो नंतर चांगला पगार बघून पुण्याला गेला.

माडीवरच्या खोलीत बसायला आप्पांनी निपाणीची एक मुलगी ठेवली. इचलकरंजीत कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करायला शिकून आलेली. तिची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आणि घरात खुर्चीवर बसून काम करणारी ही पहिलीच. आठवडाभर शहापुरात खोली घेऊन राहायची, शनिवारी निपाणीला जायची. मला आक्का म्हणायची आणि माझ्या रागाला जराही भीत नव्हती, म्हणून ती मला आवडायची. चारी मागवाल्यांचे काठ ती काढायची. पदर काढायला शहापूरचे एक काका होते, आप्पांचे जुने कार्डवाले, आता घरी बसून कॉम्प्युटरवर काढतात. म्हणजे जुना रिवाज कायम होता. फक्त काठ आणि पदर आता मागावर न भेटता डब्यात भेटत होते.

एवढं असून त्यात एक भोक होतं. कधीकधी जोड चुकायची, काठाचे दोरे आणि पदराचे दोरे जुळायचे नाहीत. मग कुणीतरी तिजोरी उघडून बघायला हवं. त्यासाठी तिजोरीची चावी या मुलीला देऊन ठेवलेली होती. ती एकच चावी सगळं उघडायची, काठ, पदर, चौघांचंही.

त्या वर्षी आप्पांनी दिवाळीसाठी एक पदर मनात धरला होता. वेल, वेलीला जरीची पानं, लाल देठ. इतक्या वर्षांत मी त्यांना असं खूश पाहिलं नव्हतं. चादरीवर आणखी एक चादर टाकली त्यांनी. साड्या दुकानांत जायच्या आधीच संकेश्वरची मावशी आमच्याकडे आली, आणि बाजारात घेतलेली नवी साडी तिनं कौतुकानं आईपुढे टाकली. पातळ कापड, छापील. पदरावर आप्पांची वेल.

आप्पा उठले. कारखान्यात गेले आणि माग बंद केला. मागाचा आवाज थांबला की आमच्या घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटतं, तसं वाटलं.

चारी मागवाले आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, जमले. त्यातल्या वडीलधाऱ्यानं एकच विचारलं, "चावी कुणाकडं हाय?"

"माडीवरच्या पोरीकडं," आप्पा म्हणाले.

"मग झालं की."

तिला खाली बोलावलं. ती दाराशी उभी राहिली. तिला बस असं कुणी म्हणालं नाही, मीही नाही, कारण मला वाटलं ती बसेलच. वडीलधाऱ्यानं हात पुढे केला, "फोन बघू." तिनं फोन दिला. ते अंगठ्यानं एकेक फोटो सरकवत राहिले. तिची आई, भाचीचा वाढदिवस, निपाणीचा स्टँड. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुमच्यातलं कोण हाय का कापडाच्या धंद्यात?"

'तुमच्यातलं' म्हणजे काय ते त्या सोप्यात सगळ्यांना कळलं. तिलाही.

"न्हाय," ती म्हणाली.

माझ्या अंगाची लाही झाली. "फोन खाली ठेवा काका," मी म्हटलं, "तो तिचा हाय." त्यांनी ठेवला, पण माझ्याकडे असं बघितलं की आप्पांची मुलगी नसते तर मलाही दाराशी उभं केलं असतं. शेवटी आप्पाच म्हणाले, "थोडं दिवस गावाकडं जाऊन ये, बाळ. बघतो आमी काय ते." ती वर गेली, पिशवी घेऊन आली आणि निघाली. जाताना माडीच्या खोलीची किल्ली तिनं जिन्याच्या कठड्यावर ठेवली, कुणाच्या हातात दिली नाही.

शहापूरच्या काकांनी तर तो पदर स्वतः काढला होता. त्यांना कुणी साधा फोनसुद्धा केला नाही. ते आपले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, नियम गेला खड्ड्यात, मला ही मांडणी उघडून बघू द्या. त्यांनी परवानगी दिली. पहिल्यांदा इमेज उघडली, आणि कपाळावर हात मारून घेतला. पुण्याला गेलेल्या त्या महाभागानं तिजोरीची चावी इमेज तयार करतानाच आत घातली होती, आणि काम झाल्यावर पुढच्याच ओळीत पुसली होती. त्याला वाटलं, पुसली म्हणजे गेली. इमेज थरावर थर चढवून तयार होते. वरच्या थरात पुसलेलं वरून दिसत नाही इतकंच, खालच्या थरात ते जसंच्या तसं असतं. भिंतीवरच्या जाहिरातीवर चुना मारावा आणि नखानं खरवडलं की अक्षरं वर यावीत, तसं. आमच्या ऑफिसातल्या कुणालाही ती इमेज उतरवून घेता येत होती. म्हणजे चावी त्या मुलीकडे होती आणि आमच्या अख्ख्या ऑफिसकडेही होती.

मला आनंद झाला. चक्क आनंद. कारण आता संशय तिच्या एकटीवर राहणार नव्हता. मी लगेच ती चावी रद्द केली, नवी केली, आणि जुनी चावी वापरून तिजोरी कुणी कुणी उघडली याची नोंद काढली. तिथं माझा आनंद संपला. ऑफिसातून कुणीच उघडलेली नव्हती. बाहेरूनही नाही. तिजोरीत गेला होता तो प्रोग्रॅम, आणि माडीवरचं तिचं मशीन. पदराची ती फाइल तिनं उघडली होती, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

मी तिला सोडवायला गेले आणि तिच्याच विरुद्ध पुरावा घेऊन आले.

मी तिला फोन केला. "उघडलतं की," ती म्हणाली. "जोड चुकत होती. तुमाला तवाच सांगितलतं, आक्का."

"व्हय, सांगितलतंस."

"मग?"

नोंदीत कुणी आलं गेलं ते कळतं, कशासाठी आलं ते कळत नाही. सोप्यातल्या चौघांपुढे ती नोंद ठेवली असती तर त्या मुलीला वडगावात काय, इचलकरंजीपर्यंत कुणी दारात उभं केलं नसतं. हा धंदा लहान आहे, आणि एकदा डिझाइन फोडलं म्हणून नाव झालं की ते आधी पोचतं आणि माणूस मागून. मी ती नोंद कुणालाच दाखवली नाही, आणि काय करावं तेही सुचेना. आप्पा जेवताना विचारायचे, "सापडलं का गं काय?" मी म्हणायची, "बघायलोय." ते बिचारे वाटीतली आमटी ढवळत बसायचे.

रविवारी मी मावशीकडून ठेवून घेतलेली ती छापील साडी पदराच्या टोकापर्यंत उलगडून पलंगावर पसरली. लॅपटॉपवर तिजोरीतला पदर उघडला आणि दोन्ही समोरासमोर ठेवून बघत बसले. आई वाळलेले कपडे घेऊन आत आली आणि थबकली.

"देवीची साडी हितं कशी आली?"

"देवीची न्हवं गं आई, ही मावशीची. नकली."

"मग पान कुठं हाय?" तिनं वाकून पदराच्या टोकावर बोट ठेवलं. वेलीच्या शेवटच्या वळणावर लाल देठ होता, पान नव्हतं. "ह्यांची जरीची कांडी संपलती. ध्यानात येस्तोवर एवढं पान विणायचं ऱ्हायलं. पहिल्या साडीला तेवढंच. देवीची म्हणून तशीच नेसवली."

मी लॅपटॉपकडे बघितलं. तिजोरीतल्या चित्रात तिथं पान होतं, पूर्ण, शिरांसकट. मागाला गेलेल्या फाइलमध्येही होतं. नंतर विणलेल्या प्रत्येक साडीत होतं. पान नसलेली साडी जगात एकच, आणि ती आमच्या गल्लीतल्या देवळात होती. ज्यानं नक्कल केली त्यानं फाइल बघितलीच नव्हती, साडी बघितली होती.

पूर्वी ती साडी गाभाऱ्यात, समईच्या उजेडात, गल्लीतल्या बायकाच काय त्या बघायच्या. आता देवळाचा ग्रुप आहे. रोज सकाळी देवीचा फोटो पडतो, तो बाया स्टेटसला ठेवतात आणि फिरत फिरत तो कुठल्या कुठं जातो. आईच्या फोनवर मागं मागं जाऊन तो फोटो सापडला. पदर असा ऐसपैस पसरून लावलेला की एकेक पान मोजून घ्यावं. मोठं करून बघितलं. शेवटच्या वळणावर देठ, पान नाही.

"पदर मीच पसरला," आई म्हणाली. "लई चांगला दिसत होता गं." आणि कपड्यांच्या ढिगावरच बसली.

मला एकाच वेळी हसू येत होतं आणि काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं. चादरीवर चादर, काठ एकाकडे, पदर एकाकडे, तिजोरी, चावी, थर, आणि शेवटी आम्हीच तो पदर हौसेनं पसरून, दिवे लावून जगाला दाखवला होता. आईवर मात्र मला रागावता आलं नाही. तिच्या आईनंही तसाच पसरला असता.

सोप्यात पुन्हा सगळे जमले. मी फोटो दाखवला, साडी दाखवली, पान दाखवलं. वडीलधाऱ्यांनी चष्मा लावून बघितलं आणि मोठ्यानं हसले. "देवीच्या मनात आलं, तिनं दाखवली. आमी काय करणार?" बाकीचेही हसले. आईनं चहा आणला. तिला कुणी काही विचारलं नाही. तिचा फोन कुणी हातात घेतला नाही. मीच तो टेबलावर ठेवला होता, तो तिथंच पडून होता. ते उठता उठता एकजण म्हणाला, "त्या पोरीला सांगा ये म्हणून."

"सांगा काय?" आप्पा म्हणाले. "मी जातो."

हे मला आप्पांचं आवडलं. मी गाडी काढली. हायवेला दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता, आणि आप्पा संकेश्वर मागं पडेपर्यंत खिडकीतून त्याच्याकडे बघत होते. निपाणीत तिचं घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात तिचं जुनं कॉम्प्युटरचं टेबल. तिच्या आईनं चहा दिला. आप्पांनी घेतला. मग म्हणाले, "चूक आमची झाली, पोरी. माझ्याच घरातनं गेलतं. तू चल."

तिची आईच बोलली, कपबशा गोळा करता करता. "वखारीतनं सुटताना आमाला रोज पिशवी झाडून दाखवाय लागायची, आप्पा. तंबाखू न्हेलीय का बघायला. जलमभर झाडली. हिला म्हटलं, तू कॉम्प्युटर शीक, तिथं कोण झाडाय लावत न्हाय."

आप्पांची मान खाली गेली. माझीही गेली. मी त्या फोनबद्दल बोलले होते तेव्हा मला फार धीट वाटलं होतं. ती उभी होती हे मात्र मला आत्ता आठवत होतं.

"येतो मी," मुलगी म्हणाली, "पण आक्का, मला चावी नको."

"चावीशिवाय काम कसं करशील? जोड चुकली तर?"

"ते तुमी बगा. तुमी शिकलाय की ते. मला फक्त काठ टाकता आला पायजे. पदर मला दिसाय नको, तिजोरी उघडता याय नको. जे माझ्याकडं न्हाईच, ते मी न्हेलं असं कोण म्हणंल?"

माझ्या धंद्यात हेच आम्ही मोठमोठ्या बैठकांत सांगतो, की ज्याला गरज नाही त्याला चावी देऊ नका, म्हणजे चावी चोरीला जायची नाही. एवढी वर्षं मी ते तिजोरीच्या बाजूनंच सांगत आले. चावी हातात असलेल्या माणसाच्या बाजूनं कधी बघितलं नव्हतं.

तिनं सांगितलं तसं मी केलं. साहेबांनी ते काम माझ्या नावावर करून दिलं. इमेज नव्यानं बांधली, आत कुठल्याच थरात काही नाही. आता डबा उघडला की तो स्वतःची ओळख पटवतो आणि तेवढ्या कामापुरती एक चावी त्याला मिळते. ती मेमरीत राहते, कुठं लिहिली जात नाही, नोंदीत छापली जात नाही, आणि काम झालं की डब्याबरोबर जाते. नंतर ती कुणाला सापडली तरी तिनं काही उघडत नाही. काठ टाकायची आणि पदर टाकायची जागा देवळातल्या दानपेटीसारखी केली, आत टाकता येतं, काढता येत नाही. जोड चुकली तर कितव्या दोऱ्याला चुकली तेवढं ज्याचं त्याला कळतं, दुसऱ्याचं चित्र दिसत नाही. आणि माणसाच्या हातात चावी अशी नाहीच. तिच्या नाही, शहापूरच्या काकांच्या नाही, चौघा मागवाल्यांच्याही नाही.

आई पुढच्या साडीच्या वेळी देवळात गेली तेव्हा पदर आत खोवून आली. ग्रुपवर फोटो पडला, नुसता काठ दिसत होता.

नवी सोय सुरू झाली त्या दिवशी आप्पा माडीवर येऊन बसले. ती मुलगी तिच्या जागी बसून काठ काढत होती. मी आप्पांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग जरा नाराजीनं म्हणाले, "म्हंजे माझ्याच तिजोरीची चावी माझ्याकडंबी न्हाय?"

"तुमच्याकडं असली तर उद्या तुमच्यावरबी आळ यायचा, आप्पा."

आप्पा खुदकन हसले. "माझ्यावर कोण आळ घेतंय गं?"

ती मुलगी स्क्रीनकडे बघत होती, तिनं मान वर केली नाही, पण तिचा हात माऊसवर थांबला. आप्पांनी तो हात बघितला. मग त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि बराच वेळ टोपीच्या घडीवरून हात फिरवत बसले.